विजयाचे विस्मरण हाही पराभवच!

मराठी माणसाला स्वतःचे पराभव तोंडपाठ असतात. विजय मात्र त्याला आठवून द्यावे लागतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईलाही ठाऊक असते. 'पानिपत होणे', 'संक्रांत कोसळणे' हे वाक्प्रचार आपल्या रोजच्या बोलण्यात मुरले आहेत. 'विश्वास पानिपतावर गेला' असे म्हणताना आपण एका कोवळ्या वीराचा मृत्यू भाषेत गोंदवून ठेवला आहे. पराभवाचे हे स्मरण वाईट नाही. त्यात हौतात्म्याचा आदर आहे. परंतु पानिपताच्या केवळ बावीस वर्षे आधी याच मराठ्यांनी युरोपातील एका आरमारी सत्तेचे उत्तर कोकणातून समूळ उच्चाटन केले. त्या विजयावरून 'वसई करणे' असा एखादा वाक्प्रचार मराठीत का रूढ झाला नाही? हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. एखाद्या समाजाने काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे, हे कोण ठरवतो, त्याचा हा प्रश्न आहे.

द्रोणागिरी म्हणजे फक्त सेक्टर?

उरणच्या दक्षिणेला करंजा बेटावर द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. हनुमंताने संजीवनीसाठी उचलून नेलेल्या द्रोणपर्वताशी लोकश्रद्धेने या डोंगराचे नाते जोडले आहे. डोंगराच्या माथ्यावर किल्ला आहे. त्याचे भग्न प्रवेशद्वार, पाण्याची टाकी आणि पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आजही दिसतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे ठाणे, साष्टी, घारापुरी, करंजा हा सारा पट्टा फिरंग्यांच्या टाचेखाली गेला. दोन शतके हा अंमल चालला. १७३९ साली, वसईचा वेढा चालू असतानाच, मानाजी आंग्रे यांनी करंजा आणि द्रोणागिरी पोर्तुगीजांच्या हातून काढून घेतले. मुंबईच्या इंग्रजांना तोफेच्या पल्ल्याबाहेरून, पण डोळ्यांसमोर दिसेल अशा अंतरावर भगवा फडकला.

आज उरणच्या एखाद्या शाळकरी मुलाला 'द्रोणागिरी' म्हटल्यावर काय आठवते? सिडकोचा नोड, सदनिकांचे दर, कंटेनरच्या गाड्यांची रांग आणि १२ जानेवारी २०२४ पासून धावू लागलेल्या उरण लोकलचे एक स्थानक. यात त्या मुलाचा दोष नाही. ज्या नावाने त्याच्या घराचा पत्ता लिहिला जातो, त्या नावामागे एक जिंकलेली लढाई आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

उरण तालुका विसराळू आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या वीरांना हा तालुका दरवर्षी वंदन करतो. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्याही स्मृतीला जासईत दरवर्षी फुले वाहिली जातात. म्हणजे येथील आगरी-कोळी समाजाला स्मरण कसे करावे, हे शिकवण्याची आवश्यकता नाही. हौतात्म्याचे स्मरण तो निष्ठेने करतो. उणीव आहे ती विजयाच्या स्मरणाची. आपण मार खाल्ला तो दिवस आपल्या पंचांगात आहे; आपण जिंकलो तो दिवस नाही. पिढ्यान्‌पिढ्या असे घडत राहिले, की समाजाला स्वतःकडे केवळ सोसणारा म्हणून पाहण्याची सवय लागते.

१७३९ : दिल्ली आणि वसई

ज्या वर्षाविषयी आपण बोलत आहोत, त्याची दुसरी बाजू पाहा. १७३९ च्या फेब्रुवारीत नादिरशहाने कर्नाळच्या मैदानावर मोगल बादशहाचा पराभव केला. मार्चमध्ये त्याच्या सैन्याने दिल्लीत कत्तल केली आणि मे महिन्यात मयूरासन आणि अमाप संपत्ती घेऊन तो इराणकडे निघाला. हिंदुस्थानची राजधानी लुटली जात असताना हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर काय चालले होते? चिमाजी अप्पा वसईच्या तटाला सुरुंग लावीत होते! त्याच मे महिन्यात, ज्या महिन्यात दिल्लीचे वैभव उंटांवर लादून वायव्येकडे चालले होते, वसईच्या पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले. दिल्लीच्या लुटीचे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांनी रंगवून केले. वसईच्या वाट्याला फार तर काही ओळी आल्या. एकाच वर्षातील दोन घटनांपैकी अपमानाची घटना 'भारताचा इतिहास' ठरली आणि पराक्रमाची घटना 'स्थानिक इतिहास' ठरली. हे वर्गीकरण निष्पाप नव्हे.

हा विजय कुणी फुकट दिला नव्हता. मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये ठाण्यापासून सुरू झाली. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी फिरंग्यांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे वर्षानुवर्षे धावा केला होता. वाटा, खाड्या, भरती-ओहोटी यांची खडान्‌खडा माहिती त्यांनीच पुरवली. वसईवरचा पहिला प्रयत्न फसला. मराठे मागे हटले, पण मोहीम सोडून दिली नाही. १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर पडले. तारापूरच्या तटाखाली बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा खर्ची पडला. तिकडे गोव्यात व्यंकटराव घोरपड्यांनी शत्रूला गुंतवून ठेवले, म्हणून गोव्याची कुमक वसईला पोहोचू शकली नाही. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे वसईच्या वेढ्यात सामील झाले. सेंट सेबॅस्टियनचा बुरूज सुरुंगाने उडाला, तेव्हा खिंडारातून आत घुसताना शेकड्यांनी मराठे पडले. त्यात ब्राह्मण होते, मराठा होते, भंडारी, कोळी, आगरी होते. एका जातीचा तो विजय नव्हता आणि एका घराण्याचाही नव्हता. ज्यांना महाराष्ट्राचा इतिहास केवळ जातिसंघर्षाच्या चष्म्यातून दाखवायचा असतो, त्यांना वसईचा विषय अडचणीचा का वाटतो, हे यावरून ध्यानी यावे.

'जुन्या लढाया कशाला उकरता?'

विजयाच्या स्मरणाचा विषय निघाला, की पुरोगामी म्हणवून घेणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला आक्षेप पुढे येतो. 'अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाया आज कशाला उकरून काढता? वसई-उरणच्या ख्रिस्ती बांधवांना काय वाटेल?' आक्षेप गोड शब्दांत असतो, म्हणून तो तपासून पाहायला हवा.

पहिली गोष्ट. वसईचे युद्ध एका परकी राजसत्तेविरुद्ध होते. ज्या राजसत्तेने १५६० पासून गोव्यात धर्मसमीक्षणाची अर्थात इन्क्विझिशनची न्यायासने मांडली, मंदिरे पाडली, घारापुरीच्या लेण्यातील शिलालेख उपटून पोर्तुगालला पाठवला आणि तो कायमचा गहाळ केला, त्या राजसत्तेशी हे युद्ध होते. ते दोन पंथांचे युद्ध असते, तर मुंबईचे ख्रिस्ती इंग्रज वसईच्या ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या मदतीला धावले असते. इंग्रजांनी काय केले? संकटात सापडलेल्या पोर्तुगीजांना त्यांनी चर्चची चांदी तारण ठेवून कर्ज दिले! आणि वसई पडताच जुलै १७३९ मध्ये कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी तह करून मोकळा झाला.

दुसरी गोष्ट. विजयी मराठ्यांनी काय केले? शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, नगारे वाजवीत, सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा दिली. नागरिकांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी मुदत दिली. जे मागे राहू इच्छितात, त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक तहाने मान्य केली. हजारो माणसे गमावल्यानंतर, खिंडारातील रक्त वाळण्यापूर्वी, हा शब्द दिला गेला. त्या काळच्या युरोपात जिंकलेल्या शहरांचे काय होत असे, याच्याशी ज्याने त्याने तुलना करावी. हा इतिहास ज्याला सांगायची लाज वाटते, त्याला उदारमतवाद कशाशी खातात, हे कळलेले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वसईचा ख्रिस्ती समाज मराठी बोलतो, मराठीत प्रार्थना करतो, मराठीत लिहितो. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उपासनापद्धती बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत, ही आपली भूमिका आहे. मग चिमाजी अप्पांच्या विजयाने वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या भावना दुखावतील, असे गृहीत धरणारा माणूस त्या समाजाला नकळत पोर्तुगीजांचा वारस ठरवतो. अपमान कोण करतो, विजयदिन साजरा करणारा की हे गृहीत धरणारा? विजयोत्सवाचे निमंत्रण वसईच्या प्रत्येक घरात जायला हवे, मग त्या घराच्या दारावर तोरण असो वा क्रूस. आणि द्रोणागिरीवरील चर्चचे अवशेषही तितक्याच काळजीने जपायला हवेत. तो आपल्या मातीवर घडलेल्या इतिहासाचा पुरावा आहे. पुरावा नष्ट करण्याचा धंदा आक्रमकांचा असतो.

जगाकडे पाहा. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईचा दिवस फ्रान्समध्ये दरवर्षी साजरा होतो. २००४ साली, साठाव्या स्मृतिदिनाला, जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर स्वतः तेथे उपस्थित राहिले. विजयाच्या स्मरणाने वैर वाढते, असे जर्मनीला वाटले नाही. लंडनच्या मध्यवर्ती चौकाला १८०५ च्या ट्रफाल्गार विजयाचे नाव आहे. खुद्द पोर्तुगालने १९६० साली लिस्बनच्या नदीकाठी आपल्या दर्यावर्दींचे भव्य स्मारक उभारले. त्यांना कुणी 'संकुचित' म्हणत नाही. स्मरणाने संकुचित होण्याचा शाप तेवढा हिंदू समाजालाच मिळाला आहे काय?

एक धागा, दोन शतकांचा

वसईच्या विजयाने पोर्तुगीजांचे संकट संपूर्णपणे संपले नाही. गोवा, दमण, दीव आणि पुढे दादरा-नगरहवेली त्यांच्याकडे राहिली. १७३९ चे अपुरे काम पूर्ण व्हायला स्वतंत्र भारताचीही चौदा वर्षे जावी लागली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, ते सरकारच्या फौजेने नव्हे. राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके, नाना काजरेकर यांच्यासारख्या ध्येयवेड्या तरुणांनी प्राण पणाला लावून ते मुक्त केले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात जगन्नाथराव जोशी यांनी पोर्तुगीजांचा तुरुंग सोसला. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ १५ ऑगस्टला सीमेवर गोळ्या झेलून धारातीर्थी पडले. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. वसईपासून पणजीपर्यंतचे अंतर कापायला २२२ वर्षे लागली. संघाच्या स्वयंसेवकाला हा धागा ठाऊक असायलाच हवा, कारण त्याच्या आधीच्या पिढीने तो स्वतःच्या रक्ताने ओवला आहे.

या धाग्याला द्रोणागिरीच्या पायथ्याशी आणखी एक गाठ बसली आहे. करंजाला भारतीय नौदलाचे शस्त्रागार आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धडक मारली. 'खैबर' आणि 'मुहाफिज' या पाकिस्तानी युद्धनौका बुडाल्या, केमारीच्या तेलटाक्या पेटल्या, आणि आपला एकही माणूस गमावला गेला नाही. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या किनाऱ्यासमोर 'खुक्री' बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांनी जलसमाधी घेतली. विजय असा असतो. त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते. १६ डिसेंबरच्या विजयदिनी गावोगावी निवृत्त सैनिक छातीवर पदके लावून येतात, हुतात्मास्तंभाला पुष्पचक्र वाहिले जाते, आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. संध्याकाळी क्रिकेटचा सामना असला, तर त्याच गावात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून त्या वृद्ध सैनिकाला काय वाटत असेल, याचा विचार आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने करावा. उपस्थित राहणे ही देशभक्तीची सर्वांत सोपी पायरी आहे. तीही ज्याला चढता येत नाही, त्याने सीमेवरच्या शौर्यावर दिवाणखान्यात गप्पा मारू नयेत.

जिंकलेले का गेले?

येथवर दोष इतरांचे झाले. आता आपल्याकडे वळू. विजयाचे स्मरण हा केवळ ढोल-ताशांचा कार्यक्रम झाला, तर तो विस्मरणाचाच देखणा प्रकार ठरतो. मोठमोठे फलक, त्यांवर चिमाजी अप्पांपेक्षा मोठी छायाचित्रे स्थानिक पुढाऱ्यांची, कर्णकर्कश ध्वनिक्षेपक, आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा खच. याला विजयोत्सव म्हणायचे काय? मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या मुहूर्तावर, छत्रपतींचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. ज्या महाराजांचा सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलतो आहे, त्यांचा पुतळा आपल्याला नऊ महिने टिकवता आला नाही, ही खंत कोणत्याही पक्षाच्या चष्म्याविना मनाला बोचली पाहिजे.

स्मरणाचा खरा उपयोग धडा घेण्यासाठी असतो आणि १७३९ चा धडा कडू आहे. जिंकलेले आपण फार काळ राखू शकलो नाही. १७५५-५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापोटी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले; सुवर्णदुर्ग पडला, विजयदुर्ग पडला आणि मराठ्यांचे सर्वांत प्रबळ आरमार मराठ्यांच्याच संमतीने जळाले. समुद्र मोकळा झाला तो इंग्रजांना. १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्यावर हल्ला केला. साष्टी आणि करंजा त्यांच्या घशात गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी, ज्या वसईत चिमाजी अप्पांनी फिरंग्यांना गुडघे टेकायला लावले होते, त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. विजय आणि पारतंत्र्य यांच्यात केवळ ६३ वर्षांचे अंतर! गृहकलहासाठी परक्याला घरात घेणे आणि समुद्राकडे पाठ फिरवणे, या दोन चुकांची ही फळे होती.

समुद्राकडे पाठ फिरवण्याची किंमत आपण २६ नोव्हेंबर २००८ रोजी पुन्हा मोजली. कराचीहून निघालेले दहा दहशतवादी 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून मुंबईत उतरले. याच उरणमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये शाळकरी मुलांनी संशयास्पद सशस्त्र माणसे दिसल्याचे सांगितले आणि सारी सुरक्षा यंत्रणा कामाला लागली. शोधात काही हाती लागले नाही. पण डोळे उघडे ठेवणारी मुले आणि त्यांचे ऐकणारी यंत्रणा, हे चित्र आश्वासक होते. गंगाजी नाईकांच्या काळी खाड्यांची वार्ता स्थानिक माणसांनीच आणली होती. किनाऱ्याचे पहिले रक्षक आजही कोळीबांधवच आहेत.

उत्सव नव्हे, व्रत

मग करायचे काय? २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाने आपल्या ध्वजावरून गुलामीचे चिन्ह उतरवून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन धारण केला. जुलै २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. दिल्लीने आणि जगाने आपले काम केले. यापुढचे काम गावाचे आहे.

वसईत दर मे महिन्यात चिमाजी अप्पांचे स्मरण होते. द्रोणागिरीला तसा दिवस नाही. तो ठरवावा. तारखेचा वाद घालीत बसू नये. त्या काळी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या पंचांगांत अकरा दिवसांचा फरक होता, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा सापडतात. त्या दिवशी उरण-पनवेलच्या प्रत्येक शाळेत मानाजी आंग्र्यांची गोष्ट सांगितली जावी. द्रोणागिरी स्थानकावर किल्ल्याचा इतिहास सांगणारा एक साधा मराठी फलक असावा. गडाच्या वाटेलगत तेल प्रकल्पाचे सुरक्षित क्षेत्र आहे. तेव्हा प्रशासनाची रीतसर अनुमती घेऊन, महिन्यातून एकदा तरी शाखेच्या तरुणांनी झाडोरा काढण्यासाठी आणि टाक्या स्वच्छ करण्यासाठी वर जावे. करंजाच्या निवृत्त नौसैनिकांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्यापुढील एकही खुर्ची रिकामी राहणार नाही, याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबाने घ्यावी. यासाठी शासकीय निधी लागत नाही आणि मंत्र्याची वेळही लागत नाही.

पराभवातून सावरलेल्या समाजाला जग सहानुभूती देते. विजय पेलणाऱ्या समाजाला जग मान देते. सहानुभूती आपण पुष्कळ गोळा केली. १७३९ साली आपल्या पूर्वजांनी द्रोणागिरी जिंकला. तो पुन्हा जिंकायचा आहे तो स्वतःच्या विस्मृतीकडून, आणि या लढाईत सुरुंग लावणारा तट आपल्याच मनात आहे.